हार्वर्ड-येलची चुरस कमी होणार नाही

आयव्ही लीगच्या (हार्वर्ड, येलसह अमेरिकेतील आठ विद्यापीठांच्या क्रीडागटाच्या) अमेरिकन फुटबॉल विजेत्याला २०२५ पासून राष्ट्रीय बाद फेरी खुली झाल्याने हार्वर्ड-येल सामन्याची शान जाईल, हे आपल्या क्रीडा पानावरील लेखातील मत पटले नाही. १८७५ पासूनची ही चुरस केवळ ‘हंगामातला शेवटचा सामना’ म्हणून टिकलेली नाही. १९६८ मध्ये दोन्ही संघ अपराजित होते. हार्वर्डने अखेरच्या ४२ सेकंदांत १६ गुण मिळवून २९-२९ अशी बरोबरी साधली. तो सामना आजही आठवला जातो. उलट, लीगचे इतर खेळांतील विजेते राष्ट्रीय स्पर्धांत उतरत असताना फक्त फुटबॉलपटूंना घरी बसवणे, हाच खरा अन्याय होता. बदलाचा प्रस्ताव खुद्द विद्यार्थी खेळाडूंनीच मांडला होता, हेही लेखात यायला हवे होते.

– एक वाचक, पुणे