डाय देण्याआधी किडनीचं विचारा

संपादक महोदय,

गोव्यातल्या काणकोण तालुक्यातल्या किडनीच्या आजाराबद्दल पेपरात अधूनमधून येतं, पण अशा पेशंटची अँजिओग्राफी किंवा डाय (रक्तवाहिन्या, अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून टोचतात तो द्रव) घालून सीटी स्कॅन करताना काय होऊ शकतं ते कुणी लिहीत नाही. आयोडीनवाला डाय किडनीवाटे बाहेर पडतो, ती कमजोर असली की तो अंगात जास्त वेळ राहतो आणि क्वचित मेंदूवर परिणाम होतो, माणूस बरळतो, फिट येते, कधी दिसायचंच बंद होतं. घरच्यांना वाटतं वय झालंय, म्हणून गप्प बसतात, हे जास्त वाईट. बहुतेक जण दोन-तीन दिवसांत सुधारतात, तरी डॉक्टरांना लगेच सांगायलाच हवं. गरजेचा स्कॅन टाळू नये हेही खरं. पण फॉर्मवर सही घेताना क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे दाखवणारी रक्ताची तपासणी) किती आहे, धोका काय, हे मराठी-कोंकणीत सांगायला काय जातं?

एक वाचक, डिचोली