मेनूवर मासे काढणाऱ्या सेन्सेईंना

सेन्सेई, सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर शिक्षकांच्या बदल्यांची यादी लागली आणि त्यात तुमचं नाव निघालं. निरोपाच्या दिवशी मला तुमच्याशी धड बोलताही आलं नाही. जपानीत माझी धाव 'अरिगातो गोझाइमास'पर्यंत, आणि तेवढं तर मी दुकानात सुटे पैसे परत घेतानाही म्हणते. म्हणून मराठीत लिहितेय. तुमच्यापर्यंत पोचेल न पोचेल, पण जपानला यायच्या तयारीत असलेली आमची पोरं-पोरी तरी वाचतील.

त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी निइगाता प्रांतातल्या एका लहान गावात, प्राथमिक शाळेत सहायक इंग्रजी शिक्षिका आहे. 2020 पासून इथे पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झालाय. वर्गशिक्षक तास घेतात, मी उच्चार करून दाखवते, खेळ घेते. ते जमतं. पोटाचं जमत नव्हतं. आमचं घर माळकरी, मांस-मासे वर्ज्य. आणि जपानी शाळेतलं दुपारचं जेवण हा शिक्षणाचाच भाग. पांढरे ॲप्रन, टोप्या घातलेली मुलं पातेली वर्गात आणतात, स्वतः वाढतात, आणि शिक्षकांनीही त्यांच्यात बसून तेच खायचं.

मला इथे पाठवणाऱ्या कंपनीच्या साहेबांना मी हे मुलाखतीतच सांगितलं होतं. 'काही अडचण येणार नाही,' म्हणाले. आधीच्या शाळेत मिसो सूप समोर आलं तेव्हा विचारलं, तर 'यात मांस नाही' असं छातीठोक उत्तर. ते वाळवलेल्या मासळीच्या पाण्यात केलेलं होतं, पण ते कुणाच्या खिजगणतीतच नव्हतं. साहेबांना फोन केला तर म्हणे, ॲलर्जी असेल तर डॉक्टरचं पत्र आणा. गळ्यातल्या माळेचं पत्र कुठला डॉक्टर देणार? शेवटी डबा आणायला परवानगी मिळाली, पण वर्गात नको, मुलं खाण्यात आवडनिवड करायला शिकतील म्हणे. मग शिक्षकांच्या खोलीत, झेरॉक्स मशीनशेजारी, एकटीच जेवायचे. साहेब अधूनमधून मेल करून 'सगळं छान ना?' विचारत. छानच होतं, साहेब!

मग या शाळेत आले आणि तुम्ही भेटलात. जपानमध्ये 2005 पासून पोषण-शिक्षक असं पदच आहे. तुम्ही त्या पदावर, म्हणजे आहार ठरवणं, स्वयंपाकघरावर देखरेख आणि वर्गात जाऊन मुलांना जेवणाबद्दल शिकवणं, सगळं तुमच्याच डोक्यावर. तरी पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलात. 'का खात नाही?' हे विचारलंच नाहीत. 'दूध चालतं? अंडं? समुद्रातलं शेवाळ?' एवढंच, आणि वहीत लिहून घेतलंत.

महिनाअखेरीस पुढच्या महिन्याचा मेनू हातात आला. तोच छापील कागद, जो घरोघरी जातो. पण माझ्या प्रतीवर प्रत्येक कांजीच्या, म्हणजे अवघड चित्राक्षराच्या, डोक्यावर बारीक हिरागाना, म्हणजे उच्चार सांगणारी सोपी जपानी अक्षरं, लिहिलेली, आणि पदार्थांशेजारी पेन्सिलीने काढलेले मासे. बारका, वाकडा मासा म्हणजे निबोशी, ही वाळवलेली बारकी मासळी. जाडा, डोळे वटारलेला म्हणजे कात्सुओ, हा मोठा मासा. करीच्या दिवशी डुक्कर, कारण तिच्या मसाल्याच्या वडीत चरबी असते. (भारतीय बाई करी खात नाही, याचा धक्का सहावीला अजून पचलेला नाही.) आणि ज्या दिवशी सगळंच चालणार होतं, म्हणजे सोयाबीनच्या पिठात नि साखरेत घोळलेला तळलेला पाव, तिळाच्या कुटातली पालेभाजी, दूध, त्या दिवशी हानामारू. अचूक उत्तराला जपानी बाई वहीत काढतात तो गोलात गोल आणि भोवती पाकळ्या. मी रोज मुलांच्या वह्यांत काढते. मला स्वतःला कुणी पहिल्यांदाच दिला.

दर महिन्याला नवा कागद, नवे मासे. तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं आणि केलं नसतं तरी कुणी जाब विचारला नसता. मुख्याध्यापकांशी काय बोललात ठाऊक नाही, पण मासेवाल्या दिवशी डबा घेऊन वर्गात बसायलाही कुणी हरकत घेतली नाही. माझं खरं शिकवणं तिथेच सुरू झालं. तासाला तोंड न उघडणारा पाचवीतला एक मुलगा माझा कागद बघून रोज जाहीर करायचा, 'टुडे फिश, सॉरी!' आणि माझ्या वाटणीच्या सुपासाठी जान्केन, म्हणजे दगड-कागद-कात्री, खेळायला पळायचा. हानामारूच्या दिवशी सगळं टेबल टाळ्या वाजवायचं.

लोक म्हणतात, परदेशात माणुसकी शोधावी लागते. मला तर वाटतं, माणुसकीला ना बजेट लागतं ना वरून आदेश. समोरच्याची अडचण खरी मानली की निम्मं काम होतं, आणि साहेबांचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

तुमच्या जागी आलेल्या सेन्सेई तरुण आहेत. तुम्ही जाताना माझ्याबद्दल त्यांना सांगून गेलात, हे एप्रिलचा मेनू हातात आला तेव्हा कळलं. त्यांचे मासे जरा बेडकासारखे दिसतात, पण ओळखू येतात.

मेच्या सुट्ट्यांत घरी जेवायला या. बेसन आहे, पिठलं नक्की करते. भाकरीच्या पिठाची सोय अजून व्हायची आहे, नाही झाली तर तुमच्या निइगाताचा भात आहेच. तिखट कितपत चालतं तेवढं कळवा.

तुमची,
शाळेतली इंग्रजीची बाई