आरशासमोर धरून तरी पाहायचं होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या बालपानावरच्या आरशाच्या कोड्याचं उत्तर साफ चुकलंय. उलटसुलट सारखा वाचला जाणारा शब्द आरशातही तसाच दिसतो, असं छापलंत आणि उदाहरण दिलंत इंग्रजी 'नून'चं. एन-ओ-ओ-एन. मागून वाचला तरी नून, हे कबूल. पण आरशात एनची तिरकी रेघ फिरते त्याचं काय? डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ उजवीकडून डावीकडे उतरते. इंग्रजीत असं अक्षरच नाही!

माझी नात पाचवीत आहे, यंदा शिष्यवृत्तीला बसतेय. बुद्धिमत्ता चाचणीत आरशातील प्रतिमा, जलप्रतिबिंब हे प्रश्न असतात, म्हणून ती तुमचं पान कापून ठेवते. रविवारी माझा दाढीचा आरसा घेऊन ओसरीवर बसली, पाटीवर नून लिहिलं आणि ओरडली, "आबा, हाई ते उलटं दिसी ऱ्हायनं!" तीनदा पुसून लिहिलं, शेवटी पट्टीनं रेघा आखल्या. तरी तेच. सोमवारी क्लासमध्ये तिनं हे सांगितलं, तर सरांनी तुमचं कात्रण पुढे केलं. पेपरात छापलंय, तू जास्त शहाणी का? पोरगी घरी आली ती दप्तर टाकून भिंतीकडे तोंड करून झोपली. रात्री जेवलीसुद्धा नाही.

मी या तालुक्यात ३१ वर्षं शिकवलं. आरसा शिकवताना आधी फळ्यावर ३६ काढायचो. पाठीला पाठ लावून बसलेले ३ आणि ६ पाहिले की पोरांना प्रतिमा म्हणजे काय ते समजायचं. मग इंग्रजी मोठी लिपी. ए, एच, आय, एम, ओ, टी, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय ही ११ अक्षरं आरशात बदलत नाहीत. पण तेवढ्यानं भागत नाही. 'मामा' लिहा, एम-ए-एम-ए. चारही अक्षरं त्या अकरातली, तरी आरशात होतं 'अमाम'. 'अम्मा' मात्र, ए-एम-एम-ए, जशीच्या तशी. अक्षरंही जुळायला हवीत आणि क्रमही. नूनचा क्रम जुळतो, एन जुळत नाही. कागद गर्रकन अर्धा फिरवून खालची बाजू वर केली तर नून नूनच राहतो. कोडं करणाऱ्यानं बहुधा तेवढंच पाहिलं. पाण्याचा हिशेब आणखी निराळा. आपल्या जळगावलगतच्या खेडीचं नाव, के-एच-ई-डी-आय, पाटीवर लिहून पाटी हौदातल्या पाण्यावर उभी धरा, खाली खेडीच वाचाल. माझ्या वर्गातल्या पोरांनी हे हात ओले करून पाहिलंय.

शुद्धिपत्र द्याल ते त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्या. आतल्या पानावर कापसाच्या भावाखाली दोन ओळी नकोत. क्लासच्या सरांना ते कात्रण मी स्वतः नेऊन दाखवणार आहे.

आणि हो, हल्ली अर्धं बालपान क्लासच्या जाहिराती खातात. पूर्वी तिथे मुलांची चित्रं यायची. नातीनं दिवाळीत तापीच्या पुलाचं चित्र पाठवलं होतं, ते अजून आलेलं नाही. छापणार नसाल तर निदान परत पाठवा. दर रविवारी ती आधी तेच शोधते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, चोपडा (जि. जळगाव)