ठमीची खबरबात

दापोली,
सप्टेंबर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल निघालं नसेल तर थांबव. आपल्या ठमी मांजरीसाठी कॅटनिपचा, म्हणजे मांजरांना झिंग आणणाऱ्या त्या वनस्पतीचा, खेळण्यातला उंदीर कशाला? आपल्या धुण्याच्या दगडामागे यंदा खोकली माजली आहे. परवा गवत काढताना तिचं एक रोप मुळासकट उपटून बाजूला टाकलं, तर पडवीत मुटकुळं करून झोपलेली ठमी नाक वर करत थेट तिथे हजर. एरवी त्याच झाडांमधून रोज ये-जा करते, पानांकडे ढुंकूनही बघत नाही. सगळी करामत मुळाची, आणि तीही ते मातीबाहेर आलं तरच. आधी तिने मूळ चाटलं, मग त्याला हनुवटी घासली, मग गाल, आणि मग चारही पाय वर करून त्यावर लोळायला लागली. डोळे अर्धवट मिटलेले, तोंडातून लाळ. आई दारातून ओरडली, "अहो, हिला काही चावलंबिवलं नाही ना?" थोड्या वेळाने भर ओसरला. बाईसाहेब उठल्या, अंग झटकलं, आणि मीच काही गैर वागलो अशा नजरेने माझ्याकडे बघून चालत्या झाल्या.

हा नुसता चाळा नसावा. तिकडे जपानात सिल्व्हर वाइन नावाची वेल आहे, तिच्या पानांत मांजरं अशीच तोंड घासतात. इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं, की त्या पानांतलं द्रव्य अंगाला लागलं की मांजरावर डास कमी बसतात. आपल्या डासांना ठमी मुळात कधी आवडलीच नाही म्हणा. त्यांचा सगळा जीव माझ्या पोटऱ्यांवर.

घरात ही वाघीण. आगरात मात्र हिला कुणी हिंग लावून विचारत नाही. सकाळी जास्वंदीखाली दबा धरून बसते. पोट जमिनीला टेकलेलं, मागचं अंग डावी-उजवीकडे हलतंय, आता झेप घेणार! तेवढ्यात सातभाईंपैकी एकाला दिसते. तो ओरडला की बाकीचे कुठून कुठून गोळा होतात आणि हिच्या डोक्यावरच्या फांदीवर बसून असा कलकलाट करतात की शेजारच्या आगरातही कळावं, मांजर कुठे आहे ते. त्यात माडावरची खार शेपटी झटकत चिक्‌चिक्‌ सुरू करते. मग ठमी काय करते? खाली बसते आणि पुढचा पाय चाटायला घेते. शिकारीला आलेच नव्हते, पाय धुवायला आले होते! अब्रू गेली की मांजर अंग चाटायला बसतं, हे मी बघून ठेवलंय.

तिच्या केशरी पिल्लाची वेगळीच गंमत. गडग्यावर एक सरडा असतो. सध्या त्याचं डोकं आणि गळा लालबुंद आहे, माद्यांना दाखवायला. पुढच्या पायांवर दंड काढत असतो. पिल्लू समोर बसून त्याच्या तालावर मान खाली-वर करत होतं, अगदी तन्मयतेने. शेवटी धीर करून पंजा उचलला, तर सरडा गडग्यापलीकडे पसार. त्याची धाव म्हणे कुंपणापर्यंत!

तू विचारलं होतंस, ठमीच्या पिल्लांतली भाटी, म्हणजे मादी, कोणती. तिरंगी आहे ती. काळा आणि केशरी रंग एका अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, म्हणून तिरंगी मांजर जवळपास नेहमीच मादी असते, बोका क्वचितच. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे तो एक तर काळा नाही तर केशरी. तरीही शेजारचे काका तिरंगीला बोका म्हणून नाव ठेवून मोकळे झालेत. मी वाद घातला नाही, पुढच्या वर्षी पिल्लं झाली की कळेलच त्यांना.

बंगळूरला न्यायची असेल तर आधी घरमालकाला विचार, आणि लशीचं आणि ऑपरेशनचं डॉक्टरांशी मी बोलून ठेवतो. खाण्याचं मात्र तुझं तू बघ. इथे बांगड्याच्या डोक्याची सवय लागली आहे. आईने कौतुकाने पाकिटातले दाणे आणून वाटीत घातले, तर तिने एकदा हुंगले आणि वाटीभोवतीची फरशी पंजाने खरवडायला लागली, घाण झाकतात तशी. आई दोन दिवस तिच्याशी बोलत नव्हती.

तुझे,
बाबा