वैशे, एकदा सईशी बोल

शिंचू, तैवान, शनिवार रात्र

प्रिय वैशे,

आधी शिव्या देऊन घे. तुझ्या एवढ्या लांब मेसेजला मी नुसता अंगठा दाखवला आणि त्यानंतर गायब झाले. कारणं सांगत बसत नाही, तू ती कधीच ऐकून घेत नाहीस. आम्ही सगळे बरे आहोत. माझी साखर काठावर आहे, विक्रांतची पाठ होती तशीच आहे. इथे वारा सुटलाय, या गावाला म्हणतातच वाऱ्याचं गाव. वाळत घातलेले कपडे शेजारच्या गल्लीतून गोळा करून आणावे लागतात. झालं, तब्येत आणि हवा संपली.

लिहितेय ते सईसाठी. फोन केला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतेस आणि मला हे सलग सांगायचंय.

गेल्या वर्षभरात तिची पाळी म्हणजे घरात सुतक. शाळेतून फोन, ओकाऱ्या, गार पडलेले पाय, पोटाशी गुडघे घेऊन पडलेली पोर. गोळीने थोडं कमी व्हायचं. मला दर महिन्याला आपली ती होस्टेलची खोली दिसायची आणि खिडकीखालच्या कॉटवर तू. मी कुणाला बोलले नाही. विक्रांतला सांगून काय उपयोग, तो लगेच तक्ता बनवतो.

मग खालच्या मजल्यावरच्या आजी एक दिवस पातेलं घेऊन आल्या. आत काळंभोर सूप, त्यात कोंबडी. इथे घरोघरी मुलीची पाळी संपली की हे करतात. सुरू असताना नाही, संपल्यावर. त्यात चार मुळं असतात: तांगक्वै, छ्वानश्योंग, पांढऱ्या पिओनीचं मूळ, आणि वाफवून वाफवून काळं केलेलं तीहुआंग. तांगक्वैचा वास थेट सेलरीसारखा येतो, तिच्याच कुळातलं आहे म्हणे. ही चौकडी सोंग राजवटीच्या सरकारी औषधशाळेच्या संग्रहात आहे, म्हणजे साधारण नऊशे वर्षं बायका हे पीत आल्यात. सई दोन वाट्या प्यायली. माझ्या पांढऱ्या रश्श्याला नाक मुरडणारी हीच ती. असो. आजी म्हणाल्या, सूप हे पोषण झालं, दुखण्याला वैद्य गाठ.

हसू नकोस. इथला चिनी वैद्य म्हणजे एसटी स्टँडबाहेरचा जडीबुटीवाला नव्हे. रीतसर वैद्यकीय कॉलेज, परवाना, कॉम्प्युटर आणि सरकारी विमा. ज्या कार्डावर मी दात दाखवते, त्याच कार्डावर हेही होतं. काढे उकळत बसायला लागत नाहीत. उकळून, वाळवून त्याची भुकटी करतात आणि पुड्या देतात, इन्स्टंट कॉफीसारख्या.

आम्ही गेलो त्या वैद्यबाई आमच्याच वयाच्या. आधी सईचं मनगट छोट्या उशीवर ठेवून तीन बोटांनी नाडी पाहिली, एका हाताची, मग दुसऱ्या. जीभ पाहिली. मग प्रश्न. दुखतं तेव्हा पोट दाबलं तर बरं वाटतं, की हात लागलेला सहन होत नाही? शेकल्यावर कमी होतं का? कळ आधी येते, पहिल्या दिवशी, की संपत आल्यावर? रंग कसा? गाठी पडतात का, आणि गाठ पडून गेली की कळ उतरते का? दुखणं एका जागी टोचतं, की फिरतं? मांडीत जातं? हातपाय गार होतात का? झोप? पोट साफ? चहात बर्फ घालून पितेस का?

वैशे, आपल्याला हे कधी कुणी विचारलं? रेक्टरबाई म्हणाल्या लग्न झालं की थांबेल. लग्न झालं तर ते डॉक्टर म्हणाले मूल झालं की थांबेल. तुझी आई म्हणाली सगळ्यांचंच दुखतं. दाबल्यावर बरं वाटतं का, एवढा एक प्रश्न कुणाला सुचला नाही. मी त्या खुर्चीत बसून ओठ आवळून धरले होते. सईला वाटलं मला कंटाळा आलाय.

प्रत्येक उत्तराला त्यांच्याकडे खण ठरलेला आहे. दाबून बरं वाटलं तर अंगात काहीतरी कमी पडलंय, हात सोसवत नसेल तर काहीतरी साचलंय. शेकाने उतरत असेल तर आत थंडी शिरलीय. सईचं निदान निघालं, थंडीने रक्त गोठून ओटीपोटात साचलं. आपण शिकलो त्यात हे कुठे बसत नाही. गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन जास्त तयार होतात, स्नायू आवळतो, रक्तपुरवठा तुटतो, म्हणून कळ येते, आणि तुझी ती मेफ्टाल नेमकी तेच बनणं थांबवते, हे मला पाठ आहे. पण शेक दिल्यावर आवळलेला स्नायू सैल होतो हेही तितकंच खरं. त्यामुळे बाई चुकल्या असंही मला म्हणवेना.

आता ऐक, पत्र ज्यासाठी आहे ते. तिथे दुभाषी सईच. माझं चिनी भाजी घेण्यापुरतं, तिचं शाळेतलं. बाई विचारायच्या, ती चिनीत उत्तर द्यायची, मग मला मराठीत सांगायची. एका ठिकाणी बाईंनी काहीतरी विचारलं, आणि सईने माझ्याकडे तिरकं पाहून पटकन म्हटलं, "फिंगछांग ये हुइ थोंग." एरवीही दुखतं. पाळी नसतानाही. बाई लिहीत होत्या त्या थांबल्या. मी विचारलं, काय म्हणतायत? सई म्हणाली, काही नाही, खाण्याबद्दल विचारतायत.

एवढं चिनी मला येतं, हे त्या पोरीला माहीत नाही. परत येताना स्कूटरवर मी काही बोलले नाही. अजून बोललेले नाही.

औषधाचं सांगते, नाहीतर तू तेच विचारशील. मुख्य औषध वांग छिंगरन नावाच्या वैद्याचं. हा प्राणी मला आवडला. जुन्या ग्रंथांतली शरीराची चित्रं चुकीची आहेत असं वाटून साथीत मेलेल्या मुलांची उघडी पडलेली प्रेतं बघायला जायचा. १८३० साली जुन्या वैद्यांच्या चुका काढणारं पुस्तक छापलं, आणि त्यात स्वतः नव्या चुका केल्या. पण खास ओटीपोटासाठी त्याने दिलेलं औषध आजही चालतं. आत काय, तर बडीशेप, सुंठ, दालचिनी, हिराबोळ! सासूबाई व्हिडिओवर ओरडत होत्या, चिन्यांचं काहीबाही पोरीला पाजू नकोस, मी अशोकारिष्ट पाठवते. मी यादी वाचून दाखवली. गप्प झाल्या. बाळंतिणीला बोळ त्यांनीच मला चाटवला होता. शिवाय तांगक्वै, छ्वानश्योंग, लाल पिओनी, पाणकणसाचा पराग, आणि यानहुसुओ नावाचा कंद, ज्यात खरंच वेदना मारणारं द्रव्य आहे. आणि शेवटी उडणाऱ्या खारीच्या लेंड्या. हो, लेंड्या. व्हिनेगर टाकून परततात. सईने हे वर्गात अभिमानाने सांगितलं. मी सासूबाईंना सांगितलेलं नाही.

अण्णांना मात्र सांग. बाईंनी वेगळी म्हणून श्यांगफू घातलीय, ती म्हणजे लव्हाळ्याच्या गाठी. ज्या लव्हाळ्यापायी अण्णांनी उसात आयुष्य खुरपण्यात घालवलं, त्याला सोळाव्या शतकातल्या ली शिझेनने बायकांच्या औषधांचा सेनापती म्हटलंय. सगळं शेत सेनापतींनी भरलंय म्हणावं.

पुढची पाळी आली आणि सई पहिल्या दिवशी शाळेत गेली. त्याच्या पुढचीही तशीच गेली. विक्रांत म्हणाला मग झालं तर. त्याच विक्रांतने सुरुवातीला मला कॉक्रेनचा, म्हणजे जगभरच्या औषध-चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, २००८ सालचा आढावा छापून दिला होता: ३९ चाचण्या, ३४७५ बायका, निष्कर्ष आशादायक पण चाचण्याच कच्च्या. मग मूत्रपिंडाचं काढलं. ते मात्र खरं आहे. हातपाय गार पडणाऱ्या बायकांना पाळीच्या दुखण्यावर देतात त्या एका काढ्यात मूथोंग नावाची वेल असते. तिच्या जागी वर्षानुवर्षं दुसरीच वेल खपली, जिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. मूत्रपिंडं गेली, मूत्रमार्गाचे कॅन्सर झाले. तैवानने २००३ मध्ये अशा पाच वनस्पतींवर बंदी घातली, पण तोवर इथल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना असलं काही ना काही लिहून दिलं गेलं होतं, तेही विम्यातून, परवान्याने. मी बाईंना हे विचारलं, सईमार्फतच. त्या चिडल्या नाहीत. पाकिटावरचं एकेक नाव बोट ठेवून वाचून दाखवलं, आणि म्हणाल्या रक्त पातळ करणारी गोळी घरात कुणी घेत असेल तर त्याला हे चुकूनही देऊ नका, तांगक्वैने रक्तस्राव वाढतो. म्हणजे विक्रांतचं भांडण मीच पूर्ण केलं. आता तो पुड्यांच्या बाजूचा आणि मी विरुद्ध. तुझा आवडता तमाशा.

पण मी पुड्यांच्या विरुद्ध नाहीये गं. पोरगी हसतेय, डबा खातेय, बर्फ नसलेला बबल टी पिऊन जगाला शिव्या देतेय. मला भीती त्या हसण्याचीच आहे. तुझं असंच झालं ना? गोळी लागू पडायची, दोन दिवस निघायचे, मग आपण सिनेमाला. दोन्ही सोनोग्राफ्या नॉर्मल. सगळे म्हणाले मानसिक आहे, आणि दुर्बीण आत घातली तेव्हा गर्भाशयाच्या अस्तरासारखं काहीतरी आतड्याला चिकटलेलं सापडलं, एन्डोमेट्रिओसिस. दहात एका बाईला हे असतं म्हणे, आणि सापडायला कित्येक वर्षं जातात. दुखणं हा एकच पुरावा असतो आणि तोच आपण दर महिन्याला पुसून टाकतो. पुड्या पुसोत नाहीतर मेफ्टाल. एन्डोमेट्रिओसिसवर या काढ्यांच्या धड चाचण्या कॉक्रेनला २०१२ साली मोजून दोन सापडल्या, दोन्ही चीनमधल्या, १५८ बायका. त्यावर मी माझी पोर ठेवू?

गंमत म्हणजे बाईंनाही हेच वाटतंय. परवा गेलो तर त्यांनी पुड्या लिहिल्या नाहीत, चिठ्ठी लिहिली. सई म्हणाली रूटीन आहे, सुट्टीत जाऊ. मी रात्री फोनच्या कॅमेऱ्याने चिठ्ठी वाचली: मोठ्या दवाखान्याचा स्त्रीरोग विभाग, ओटीपोटाची सोनोग्राफी, औषध त्यानंतर. चिनी वैद्यबाई म्हणतेय आधी मशीनवर बघा, आणि माझी इंजिनिअरची पोर म्हणतेय नको, पुड्या चालू ठेवा. मी विषय काढला तर दार आपटलं. आता दुखत नाही ना, मग कशाला? आणि 'तू एरवीही दुखतं म्हणालीस' हे मला तोंडातून काढता येईना. काढलं तर ती बाईंशीही खरं बोलणं बंद करेल. निदान तिथे बोलतेय.

ती घाबरलीय ते तुझ्यामुळे. रागावू नकोस. तुझ्या ऑपरेशनचं मी विक्रांतला सांगत होते तेव्हा ती पलीकडच्या खोलीत होती. तिच्या डोक्यात तपासणी म्हणजे थेट तेच, शिवाय आतून तपासतील ही धास्ती. तिच्या वयाला पोटावरूनच करतात, पाणी पिऊन पोट फुगवून बसायचं एवढंच, हे मी सांगितलं तर मी आई. तू सांगितलंस तर तू वैशूमावशी, जिने पन्हाळ्याला वॉचमनला हूल दिली होती. (त्या पन्हाळ्याच्या भांडणात चूक तुझीच होती. मी अजूनही त्यावर ठाम आहे. किल्ली तुझ्या पर्समध्ये होती.)

माझं नाव काढू नकोस. सहज फोन केल्यासारखा कर. तुला काय सांगावंसं वाटेल ते सांग, नको वाटेल ते गाळ. फक्त सोनोग्राफी नॉर्मल आली तरी 'एरवीचं दुखणं' डॉक्टरांना बोलून दाखवायचं, हे तिच्या गळी उतरव. ते तुझ्याइतकं कुणाला सांगता येणार नाही. तारीख गुरुवारची मिळालीय, विक्रांतने बुक करून टाकली. उद्या रविवार, तुमच्याकडे पाच वाजले की आमच्याकडे साडेसात, तेव्हा ती एकटी असते. आम्ही दोघं भाजीला जाऊ आणि उगाच उशीर करू.

तुझा स्लॅब पडला का? बदलीचं काय झालं? ओमला दहावीला गणित कोण शिकवतंय, तू असशील तर मुलाचं कठीण आहे. अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं एवढंच वहिनीकडून कळलं, नीट लिही. फोटो पाठव, फिल्टर न लावता.

तुझी,
मनी

ता.क. तिच्याशी इंग्रजीत सुरू होऊ नकोस. मागच्या वेळी आठवडाभर तुझी नक्कल करून मला दाखवत होती, आणि दुर्दैवाने हुबेहूब करते.