रालामंडलची चढण तिन्ही पिढ्यांसाठी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा सरला की इंदूरच्या मराठी घरांत दिवाळीच्या सुटीचे बेत सुरू होतात. त्यांत पचमढीपासून महाबळेश्वरपर्यंत अनेक डोंगरांची नावे निघतात. मात्र खंडवा रस्त्याच्या बाजूला, शहराच्या वेशीवर उभ्या असलेल्या रालामंडलची आठवण फारशी कोणाला होत नाही. आजी-आजोबा, आई-वडील आणि शाळकरी मुले अशा सर्वांनी मिळून चढावा असा झाडीचा डोंगर इतक्या जवळ असताना त्याची अशी उपेक्षा व्हावी, याचे वाईट वाटते.

रालामंडल १९८९ साली अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र अडीच चौरस किलोमीटरही भरत नाही आणि माथा समुद्रसपाटीपासून ७८२ मीटर, म्हणजे इंदूर शहराहून साधारण सव्वादोनशे मीटर उंच आहे. माथ्यावर होळकरांची शिकारगाह आहे. जी वास्तू शिकारीसाठी बांधली गेली, तिच्याच भोवतालचे रान आज प्राण्यांना अभय देण्यासाठी राखलेले आहे, ही गोष्ट मुलांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा त्या भिंतींपाशी उभे राहून सांगितली तर ती त्यांच्या मनात राहते. तेथून दिसणारे इंदूरही त्यांना एरवी कोठून दिसणार?

पण माथ्यापेक्षा वाट अधिक मोलाची आहे, असे माझे मत आहे. माळव्यातील हे पानझडीचे रान दर ऋतूला वेगळे दिसते. आश्विनात सागाच्या रुंद पानांनी वाट झाकलेली असते, फाल्गुनात पळस फुलतो आणि पुढे वैशाखापर्यंत बरीच झाडे उघडी पडतात. ती वाळलेली नसून पाणी राखण्यासाठी त्यांनी पाने टाकली आहेत, हे एकदा समजले की मुले झाडाकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात. आमच्या घरी चढताना सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला पुढे ठेवण्याची पद्धत आहे, आणि ती माणसे बहुधा घरातील वडीलधारीच असतात. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण कसे टाचत, विड्यातला कात खैराच्या लाकडापासून कसा निघतो, हे त्यांनाच ठाऊक असते, आणि दम खाण्यासाठी ती थांबली की या गोष्टी आपोआप निघतात. जी मुले धावत माथा गाठतात, त्यांना यातले काही ऐकायला मिळत नाही.

डोंगरावर जाणाऱ्यांच्या काही सवयींविषयी मात्र स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. वळणाची वाट सोडून उतारावरून सरळ चढणे मुलांना पराक्रम वाटतो. परंतु अशा पायवाटेवरून पावसाचे पाणी वेगाने धावते, मुरूम वाहून जातो आणि झाडांची मुळे उघडी पडतात. हरणांना बिस्किटे, पाव किंवा शेव देणे हा तर दयाळूपणा मुळीच नव्हे. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात असे पिष्टमय अन्न एकदम गेले की ते आंबते, आम्ल वाढते आणि प्राणी आजारी पडतो, क्वचित मरतोही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात प्राण्यांना त्रास देण्यास आणि कचरा टाकण्यास मनाई केली आहे. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे स्वच्छतेत देशात पहिले आलेले आपले शहर घराच्या दारात ओला आणि सुका कचरा वेगळा करते. त्याच घरांतील माणसांनी चिप्सच्या रिकाम्या पिशव्या झुडपांत फेकाव्यात, हे मनाला लागते. रानात कचऱ्याची गाडी येत नाही, तेव्हा नेलेली प्रत्येक पिशवी परत आणणे हे आपलेच काम आहे. भ्रमणध्वनीवर मोठ्याने गाणी लावणाऱ्यांनाही हीच विनंती आहे की, मोराची केका आणि चितळाची इशाऱ्याची हाक मुलांना ऐकू येईल एवढी शांतता त्यांनी ठेवावी.

वन विभागाकडे माझे मागणे थोडके आहे. चढणीच्या वळणांवर सावलीत दगडी बाके वाढवावीत, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना माथ्यापर्यंत जाण्याचा धीर येईल. झाडांजवळ, खोडात खिळे न ठोकता, नावांच्या पाट्या लावाव्यात आणि त्यांवर झाडाचा उपयोगही एका ओळीत लिहावा. खाण्यापिण्याच्या टपऱ्यांना मात्र माथ्यावर कधीही परवानगी देऊ नये. पाण्याची सोय पायथ्याशी असली की पुरे. येथील मराठी मंडळांनीही दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी सकाळी लवकर निघून आपल्या सभासद कुटुंबांना ही चढण पायी घडवावी आणि त्या दिवशी ज्येष्ठांनाच पुढे चालू द्यावे, अशी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

कळावे,

आपली एक वाचक,
राजेंद्रनगर, इंदूर