आमच्या समुपदेशक मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

वसतिगृहातल्या आम्हा विद्यार्थी प्रतिनिधींच्या वतीने लिहितोय. आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे जाहीर पत्र.

तुम्ही येण्याआधी आमच्याकडे व्यसनमुक्ती म्हणजे वर्षातून एकदा शपथ आणि पोस्टर स्पर्धा. पोस्टर पाहून घाबरायचे ते मुळात काहीच न घेणारे! तुम्ही सुरुवात केलीत झोपेपासून. किती वाजता झोपता, परीक्षेच्या आठवड्यात जागं राहायला काय घेता, मनातलं कुणाशी बोलता? नशेचा विषय तिथून आपसूक निघाला. अभ्यासासाठी मित्राच्या एडीएचडीच्या (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराच्या) गोळ्या मागून घेणारा मुलगा स्वतःला व्यसनी समजत नाही, त्यामुळे व्यसनावरच्या व्याख्यानाकडे तो फिरकत नाही. झोपेवरच्या सत्राला मात्र तो आला, आणि सत्र संपल्यावर तुमच्याशी बोलायला थांबलाही.

मग तो चिठ्ठ्यांचा तास. नाव न घालता दोन उत्तरं लिहायची: मी किती पितो आणि माझ्या मते बाकीचे किती पितात. बाकीच्यांबद्दलचे अंदाज प्रत्यक्षाच्या कितीतरी पुढे निघाले. वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ या अमेरिकी संशोधकांनी १९८६ मध्ये हेच दाखवलं होतं, हे तुम्ही चिठ्ठ्या वाचून झाल्यावर सांगितलंत, आधी नाही. म्हणून ते पटलं. 'सगळेच घेतात' असं आता कुणी म्हणालं, की 'मोजलंस का?' असा प्रश्न येतो.

जागतिक आरोग्य संघटनेची दारूच्या सवयीबद्दलची १० प्रश्नांची 'ऑडिट' प्रश्नावलीही तुम्ही भरून घेतलीत. ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले, तर पिणं धोक्याकडे झुकतंय असं समजायचं. ज्यांचे गुण जास्त आले त्यांच्याशी तुम्ही एकेकट्याने बोललात. जिवाला धोका असल्याशिवाय यातलं काही वॉर्डनकडे किंवा घरी जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलंत आणि पाळलंत. मला विचाराल तर बाकी सगळं या एका शब्दावर उभं आहे.

आणि सतरंजीवरचा तो सराव. बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हे आम्हा प्रत्येकाकडून करून घेतलंत. 'झोपू दे, उतरेल' असं कधीही म्हणायचं नाही, कारण शुद्ध हरपल्यावरही रक्तातलं अल्कोहोल वाढत राहू शकतं. कॉफीने किंवा थंड पाण्याने ते उतरत नाही. एकटं सोडायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची. मदत मागणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असा नियम तुम्ही प्रशासनाकडून लेखी करून घेतलात. आम्ही असतो तर दुसऱ्या बैठकीतच नाद सोडला असता.

परीक्षा संपली त्या रात्री त्याचा उपयोग झाला. एक मुलगा हाकेला ओ देईना, श्वास अडखळत होता. पहिल्या वर्षाच्या पोराने त्याला कुशीवर वळवलं, हनुवटी थोडी वर केली आणि फोन लावला. फोन करू की नको, असा विचार करत तो थांबला नाही. मित्र वाचला. फोन करणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही. त्या दोघांनीही तुम्हाला नमस्कार कळवलाय.

नव्या वर्षासाठी विद्यार्थी मदतनीसांची नावं आम्ही गोळा करतोय. पहिलं सत्र तुम्हीच घ्यावं, ही आग्रहाची विनंती. सतरंज्या आम्ही आणून ठेवतो.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी प्रतिनिधी